जाड टिंब, बारीक टिंब

"ताई, तुम्ही बोलणाऱ्याच्या वेगानं लिहिता म्हणं. कुणी गात असंल तर जमंल का?"

पुण्याजवळ मांजरीला उसावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मी स्टेनो म्हणून लागले होते, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. शनिवार पेठेतून चालत मंडईपाशी यायचं, तिथून ऑफिसची बस पकडायची आणि दिवसभर साहेबांची पत्रं लिहून घ्यायची, असा माझा क्रम. प्रश्न विचारणारा प्रयोगशाळेतला सहायक होता. घर मांजरीतच, घरची थोडी शेती. चोवीस-पंचवीस वर्षांचा असेल. कामाशिवाय तो कुणाशी चार वाक्यं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला तेव्हा मला नवल वाटलं.

"कुणाचं गाणं? कीर्तन वगैरे आहे का कुठं?"

"न्हाई. इंग्रजी हाय. विलायतेतल्या बँडचं."

मग त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. त्याचा थोरला भाऊ बोटीवर फिटर होता. आयटीआय करून मुंबईला गेला आणि तिथून मालवाहू बोटीवर चढला. पाच वर्षांत दोनदा घरी आला. मध्यंतरी इंग्लंडातल्या एका बंदरात त्याची बोट दुरुस्तीसाठी सात-आठ महिने अडकून पडली. तिथल्या कामगार पोरांनी त्याला शनिवारी गाणी ऐकायला नेलं, आणि त्यानंतर त्याच्या पत्रांतून दुसरं काही येईनासं झालं. कुठला बँड फुटला, कुठल्या ढोलवाल्याचा हात कसा चालतो, कुणाचं नवं गाणं जुन्यासारखं नाही. घरच्यांना ही पत्रं वाचून दाखवायचं काम याचं, धाकट्याचं. आई मध्येच विचारायची, "जेवतो का नीट, ते लिवलंय का?" ते लिहिलेलं नसे.

मग एक तार आली. काम करताना तो वरून बोटीच्या तळात पडला आणि जागीच गेला. सगळं तिकडेच उरकलं. घरी आली ती एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात दोन स्वेटर, दाढीचं सामान आणि अकरा रेकॉर्डी.

"आई रोज त्या फडक्यानं पुसती," तो म्हणाला. "म्हणती, ह्यात काय म्हणलंय ते मला कळाय पायजे. माझं पोरगं इतकी वर्षं ह्येच ऐकत हुतं. आता मला कुठं इंग्रजी येतं एवढं? बाटलीवरचं लेबल वाचता येतं. गाणारा काय बोलतो ते न्हाई कळत."

मी खरं ते सांगितलं. मलाही कळणार नव्हतं. माझं इंग्रजी पत्रव्यवहाराचं होतं, 'आपल्या अमुक तारखेच्या पत्रास अनुसरून' या जातीचं. पण शॉर्टहँडमध्ये अक्षरं नसतात, आवाज असतात. व्यंजनाला रेघ आणि स्वराला टिंब. शब्द कळला नाही तरी कानावर पडलेला आवाज कागदावर उतरवता येतो. त्याचा अर्थ मग कुणीतरी लावायचा.

"म्हणजे न कळता बी लिवता येतं?"

"येतं."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि डबा धुवायला निघून गेला.

त्याच्या घरी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतं. पण कॅम्पात एक दुकान त्यानं शोधून ठेवलं होतं. दुकानदार मुसलमान, चाळिशीचा, सगळे त्याला भाई म्हणत. त्याचे वडील त्याच दुकानात गोऱ्या साहेबांचे फोनो दुरुस्त करायचे. आता भाई रेडिओ, टेप, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करीत आणि रविवारी सकाळी अर्धं शटर खाली ओढून विलायती बँडच्या रेकॉर्डी लावीत. ते ऐकायला चार-पाच जण ठरलेले येत. त्यांतले दोन मला चांगले आठवतात. एक बँकेतला कारकून, गोल चेहऱ्याचा, प्रत्येक गाण्यावर खूश. दुसरे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. ते दोन वर्षं इंग्लंडात राहून आलेले होते, त्यामुळे शब्दांच्या बाबतीत शेवटचा निकाल त्यांचा.

घरी मी सांगितलं की स्पीडचा सराव करायला जाते. तसं ते खोटं नव्हतं.

पहिल्या रविवारी मी वही उघडून बसले, तर प्राध्यापकांनी वाकून पाहिलं. "बाई, आपण लिहिताय ते इंग्रजीच आहे ना? की मोडी?"

"आपण वाचायचं इंग्रजीत. मी लिहिते आवाजात," मी म्हणाले. ते हसले नाहीत, पण खुर्ची जवळ ओढून बसले.

असं चालायचं: भाई एक ओळ वाजवीत आणि सुई उचलीत. मी कानावर आलं ते लिहून मोठ्यानं वाचे. मग वाद सुरू. कारकून म्हणे पाऊस, प्राध्यापक म्हणत ट्रेन. दोघांचं अडलं की भाई प्लेअरचा वेग मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवरून सोळावर आणीत. जुन्या यंत्रांना तो वेग असे. गाणाऱ्याचा आवाज मग निम्म्यानं संथ होई आणि म्हैस हंबरावी तसा खोल जाई, पण त्या हंबरण्यात एखादा शब्द सुटा होऊन हाती लागे. मला त्या संगीताची गोडी नव्हती. तरी तिसऱ्या-चौथ्या रविवारी माझ्या लक्षात आलं, की पत्रं टाइप करताना मी बोटांनी कुठलातरी ठेका धरतेय.

अकरा रेकॉर्डींत आधी कुठली घ्यायची हे भाईंनी ठरवलं. त्यांनी एकेक रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून पाहिली. एका रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला मधल्या भागात काळा रंग जाऊन राखाडी पट्टा उमटला होता. "हे बघा," ते धाकट्याला म्हणाले, "इथं सुई सगळ्यात जास्त फिरलीय. तुमच्या भावानं हे गाणं झिजेपर्यंत ऐकलंय."

ते गाणं संथ होतं. नदीकाठच्या एका कारखान्याच्या गावातला माणूस बऱ्याच दिवसांनी आपल्या घराशी येतो. स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा आहे. तो दाराशी बूट काढून ठेवतो आणि तिथेच उभा राहतो. इतकं आम्हाला दोन रविवारांत लागलं. अडलं ते शेवटच्या ओळीवर. ती ओळ तो चार वेळा म्हणतो.

मी लिहिलं होतं ल आणि व. दोनच रेघा. त्या वाचायच्या कशा? लीव्ह म्हटलं तर सोडून जाणं. लिव्ह म्हटलं तर राहणं. ओळीत नकार आहे. म्हणजे एका वाचनात तो म्हणतो, यापुढे मी इथून जाणार नाही. दुसऱ्यात म्हणतो, यापुढे मी इथे राहणार नाही. शॉर्टहँडमध्ये दोन्हींच्या रेघा त्याच आणि रेघांची जागाही तीच. फरक एका टिंबाचा. स्वर दीर्घ असेल तर टिंब जाड, ऱ्हस्व असेल तर बारीक. गाणारा तर तो स्वर इतका ओढत होता, की ऱ्हस्व असता तरी दीर्घच ऐकू आला असता. सोळाच्या वेगावर लावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

"राहणार नाही," प्राध्यापकांनी निकाल दिला. "ही सगळी बाजू निघून जाण्याची आहे. शेवटच्या कडव्यात हा माणूस अचानक घरकोंबडा कशाला होईल?"

"पण बूट काढलेत की त्यानं!" कारकून म्हणाला. "जाणारा माणूस बूट काढतो होय?"

"बूट काढले म्हणून मुक्काम ठरत नाही. देवळातही काढतो आपण."

धाकटा ऐकत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "आईला काय सांगू? ती ह्येच विचारती, तो माघारी येणार हुता का."

भाईंनी रेकॉर्ड पाकिटात घातली आणि म्हणाले, "घरी जाऊन ऐकवू या. त्यांनाही आवाज ऐकू दे."

पुढच्या रविवारी भाई, प्राध्यापक, आम्हाला न्यायला आलेला धाकटा आणि मी असे चौघं बसनं मांजरीला गेलो. भाईंच्या मांडीवर सेलवर चालणारा प्लेअर होता, सूटकेससारखा बंद होणारा. माझ्या पर्समध्ये गाण्याचं मराठी टाइप केलेलं होतं. शेवटच्या ओळीची जागा मी मोकळी सोडली होती. हडपसर मागं पडलं आणि मी ठरवून टाकलं, 'इथून जाणार नाही' वाचायचं. कुणाला विचारलं नाही. आईला काय हवं असणार ते मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं.

घर दोन खोल्यांचं, पुढे सारवलेलं अंगण. आई बारीक अंगाची होती. तिनं आम्हाला गुळाचा चहा दिला आणि पाटावर रेकॉर्डी मांडून ठेवल्या, पुसून. वडील अंगणात आमच्याकडे पाठ करून दोर वळत बसले होते. धाकट्यानं हाक मारली तरी ते आत आले नाहीत.

गाणं वाजलं. आई डोक्यावरचा पदर हातानं धरून ऐकत होती. मग मी कागद काढून वाचलं. नदी, खिडकीतला दिवा, दाराशी काढलेले बूट. शेवटी आवाज शक्य तितका सरळ ठेवून म्हणाले, "यापुढे मी इथून जाणार नाही."

"पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं. प्राध्यापक जमिनीकडे बघत होते.

आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "पोरी, माझं पोरगं आसं म्हणायचं न्हाई. रांगाय लागला तवापासनं त्याचं तोंड उंबऱ्याकडं. तू माझ्यासाठी वाचलंस. काय हाय ते वाच."

नोकरीत एकदाही मी साहेबांचा शब्द बदलला नव्हता. आणि इथे एका आईसमोर, तिच्या मेलेल्या मुलाच्या नावावर, मी मनचं वाचलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. दोन शब्द कसे आहेत, टिंब कसं असतं, आम्ही सगळे भांडूनही कसं ठरलं नाही. वही उघडून त्या दोन रेघाही दाखवल्या. तिनं बोट न लावता पाहिल्या.

"एवढ्याशा टिंबाचा फरक?"

"हो, मावशी."

"आन् तुम्हा शिकलेल्यास्नी ते कळंना?"

"नाही कळत."

"मग न्हाई कळत म्हणावं," ती म्हणाली. रागानं नाही. "लावा पुन्यांदा."

भाईंनी पुन्हा लावलं. या वेळी तिनं डोळे मिटून घेतले. गाणं संपल्यावर म्हणाली, "गळा दाटलाय त्याचा. जात आसंल न्हाईतर ऱ्हात आसंल. पर सुखानं करत न्हाई."

इतके रविवार आम्ही त्या गाण्यावर घालवले होते. हे एकानंही म्हटलं नव्हतं.

अंगणात दोर वळणं कधीच थांबलं होतं. आम्ही निघालो तेव्हा वडील पहिल्यांदा बोलले, तेही भाईंशी. "ह्याचं सेल किती दिवस चालत्यात?"

भाईंनी हातातला प्लेअर परत पाटावर ठेवला. "राहू द्या इथंच. दुकानात आणखी आहेत." सोमवारी मी धाकट्याकडे तुझ्या आईची माफी मागायचीय म्हणाले, तर तो म्हणाला, "कशापाय? तिनं तुम्हाला बोलावलंय. हरभरा आलाय म्हणती."

दोन महिन्यांनी एका रविवारी शटरखालून वाकून एक म्हातारा आत आला. धोतर, पागोटं, पायांना माती. कारकून त्याला म्हणाला, "बाबा, दुकान बंद आहे आज." मी आणि भाई एकदमच उठलो. ते धाकट्याचे वडील होते; धाकटा त्या रविवारी आला नव्हता. पहाटे मेथी घेऊन मंडईत आले होते आणि तिथून चालत कॅम्पात. खांद्यावरच्या पोत्यात प्लेअर होता. रेकॉर्ड फिरवणारा त्याचा रबरी पट्टा निसटला होता.

भाईंनी पट्टा बसवला. पाच मिनिटांचं काम. म्हातारा मात्र उठला नाही. स्टुलावर बसून आमचं ऐकणं बघत राहिला. रेकॉर्ड संपली तेव्हा माझ्याकडे वळला.

"बाई, त्या दिवशी तुम्ही आत सांगत हुता ते म्या ऐकलं. ते टिंब जाड हाय का बारीक?"

"मला खरंच ठाऊक नाही, बाबा."

त्यानं मान हलवली. मग आमच्यापैकी कुणाकडे न पाहता बोलू लागला. "जातो म्हणला तवा म्या त्याला म्हणलो हुतो, गेलास तर पुन्यांदा ह्या उंबऱ्याला पाय लावू नगं. मळा कुणी बघायचा, ह्यो राग. दोन येळा आला घरी. दोन्ही येळा म्या मळ्यातच ऱ्हायलो. वस्तीवर जेवलो, वस्तीवर निजलो. त्याची आई रडायची. टिंब बारीक आसंल तर ते माझं हाय. 'ऱ्हाणार न्हाई' ह्ये त्याला म्याच शिकवलं."

कारकुनाचा तोंडाशी नेलेला कप तसाच राहिला. मला वाटलं आता कुणीतरी म्हणेल, बाबा, जाड आहे हो. माझ्या ओठांवर आलंही होतं.

प्राध्यापक बोलले. नेहमीची धार आवाजात नव्हती. "मला माझ्या वडिलांनी हौसेनं पाठवलं होतं विलायतेला. स्टेशनावर पेढे वाटले. तिथं असताना ते आजारी असल्याचं पत्र आलं. मला येता आलं असतं. प्रयोग चालू आहेत म्हणून मी कळवलं. मग तार आली, तेव्हाही आलो नाही. आता येऊन काय उपयोग म्हणालो." त्यांनी चष्मा काढला. "मी त्या गाण्यात 'राहणार नाही' ऐकतो, ते माझ्या कानांनी ऐकतो. तुमच्या मुलाला तुम्ही येऊ नको म्हणाला होता. तो तरी दोनदा आला. हे त्या टिंबापेक्षा मोठं आहे, बाबा."

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "आला खरा," तो म्हणाला. "दुसऱ्या येळंला तर मळ्याच्या बांधापतूर आला हुता. उभा ऱ्हायला. म्या पाणी धरत हुतो. वर बघितलंच न्हाई." आणि पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले. भाईंनी त्याच्यासमोर चहा ठेवला.

त्यानंतर मंडईत माल आणला की तो येऊ लागला. येताना कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणून भाईंच्या काउंटरवर ठेवी. आमचं बोलणंही बदललं. कुठला शब्द कुठला याचे वाद चालूच राहिले, पण मधूनच कुणी सांगे, हे गाणं मी पहिल्यांदा कुठं ऐकलं, तेव्हा घरात कोण कोण होतं. कारकुनानं त्याच्या बहिणीचं सांगितलं. भाईंनी वडिलांचं, ते आयुष्यभर फोनो दुरुस्त करून शेवटी दोन्ही कानांनी बहिरे झाले होते. म्हातारा मुलाचं सांगायचा. लहानपणी तो चिखलाची आगगाडी करायचा, विहिरीत उडी टाकायला घाबरायचा नाही पण बेडकाला घाबरायचा. मी हे सगळं लिहून घेतलं नाही. वही मिटून ऐकायचं मी तिथेच शिकले.

वर्षा-दीड वर्षानं माझं लग्न झालं आणि मी साताऱ्याला गेले. भाईंनी पुढे कॅसेटी भरायला सुरुवात केली, मग गिऱ्हाईक रविवारीही येऊ लागलं आणि ती बैठक मोडली, असं ऐकलं. मांजरीच्या मावशीची खुशाली धाकट्याच्या पत्रातून कळत असे. तिला मोतीबिंदू झाला होता, एरवी ती ठणठणीत होती.

म्हातारा गेल्याचंही त्यानंच कळवलं. महिनाभर अंथरुणावर होता. एका दुपारी धाकट्यानं विचारलं, दादाचं गाणं लावू का. प्लेअर आणून जवळ ठेवलाही. म्हाताऱ्यानं हातानंच नको म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला. "मला पाठ हाय."